केस कोणी केली? सर्जरीच्या रेसिडेंटला ‘आता तूच कर’ कधी म्हणायचं

टाकेवाला | सोमवार, रात्री १०:४०

एमएस जनरल सर्जरीच्या परीक्षेत परीक्षार्थीचं जवळजवळ सगळं बघतात. लाँग केस, शॉर्ट केस, वॉर्ड राउंड, मग टेबलांवर हत्यारं, स्पेसिमेन, एक्स-रे. पोट तपासण्याआधी हात चोळून गरम केले का, इथपर्यंत बघणारे परीक्षक आहेत. एकच गोष्ट बघत नाहीत: हा माणूस ऑपरेशन कसं करतो. ते धरूनच चालतात. तीन वर्षं युनिटात काढली, लॉगबुकावर सह्या आहेत, म्हणजे येतच असणार.

त्या लॉगबुकाबद्दल हा धागा आहे. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो. इथे डॉक्टर नसलेले वाचकही बरेच आहेत, म्हणून थोडं उलगडून लिहितो. जाणकारांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

एमबीबीएसनंतर सर्जरीची एमएस तीन वर्षांची. जेआर-१, जेआर-२, जेआर-३. त्यांच्या वर सीनियर रेसिडेंट म्हणजे एसआर, मग असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, आणि डोक्यावर युनिट हेड. रेसिडेंटनं प्रत्येक केसची नोंद ठेवायची आणि पुढे लिहायचं: ओ म्हणजे नुसती पाहिली, ए म्हणजे असिस्ट केली, पीएस म्हणजे देखरेखीखाली केली, पीआय म्हणजे स्वतंत्रपणे केली. कॉलेजागणिक अक्षरं थोडी बदलतात, कल्पना तीच.

घोळ आहे तो ‘पीएस’मध्ये. साधा इंग्वायनल, म्हणजे जांघेतला हर्निया घ्या, ओपन, जाळी टाकून. जेआर-२ सर्जनच्या जागी, मी समोर असिस्टंट म्हणून. तो एक्स्टर्नल ऑब्लिक, म्हणजे पोटाच्या भिंतीचा वरचा थर उघडतो. मी बोटावर कॉर्ड (व्हास म्हणजे शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्या यांची जुडी) उचलून देतो, दोन फोर्सेप्सनी वरची आवरणं ताणून धरतो, आणि ताण असा देतो की पांढरट सॅक, म्हणजे हर्नियाची पिशवी, आपसूक पुढे येते, व्हास आणि रक्तवाहिन्या मागे राहतात. त्याला फक्त कात्री चालवायची असते. जाळीचा पहिला टाका प्युबिक ट्यूबरकल या जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्यावर. तिथे जाळी हाडाच्या थोडी पलीकडे जायला हवी, नाहीतर हर्निया आतल्या बाजूनं पुन्हा डोकं काढतो. ती किती पलीकडे जाणार हेही ठरलेलं, कारण जाळी मी धरून ठेवली आहे. टाके त्यानं घातले, कातडी त्यानं शिवली, बाहेर येऊन मित्राला फोन केला, ‘आज हर्निया केला.’ लॉगबुकात पीएस. मी सही करतो. खोटं त्यात काहीच नाही. पण सॅक वेगळी काढणं हे त्या ऑपरेशनचं मर्म, आणि ते झालं माझ्या डाव्या हातानं. उद्या त्याच्यासमोर जेआर-१ उभा केला, जो ‘धर’ म्हटलं की धरतो आणि ‘सोड’ म्हटलं की सोडतो, तर सॅक सापडेल का? लॉगबुक वाचून ते कळायला मार्ग नाही.

हेच मोजायला अमेरिकेत चार पायऱ्यांची एक पट्टी वापरतात, झ्विश स्केल. केंटकीचे सर्जन जे झ्विशेनबर्गर यांच्या नावावरून. २०१३ साली ती नीट लिहून प्रसिद्ध झाली. पहिली पायरी ‘शो अँड टेल’: वरिष्ठ करतो आणि करताना बोलतो. दुसरी ‘अॅक्टिव्ह हेल्प’: हात शिकणाऱ्याचे, पण पुढे काय हे वरिष्ठ सांगतो, फील्ड तोच मांडून देतो. तिसरी ‘पॅसिव्ह हेल्प’: शिकणारा पुढे, वरिष्ठ चांगल्या असिस्टंटसारखा त्याच्या मागे. चौथी ‘सुपरव्हिजन ओन्ली’: समोर नवखा असिस्टंट, वरिष्ठ गप्प, पेशंटला धोका दिसला तरच तोंड उघडणार. आणि पायरी ठरवायची ती ऑपरेशनच्या कळीच्या भागावरून. कातडी कोणी शिवली याला किंमत नाही. माझा वरचा हर्निया या पट्टीवर दुसऱ्या पायरीचा. आमच्याकडे पीएस. चौथ्या पायरीचा असता तरी पीएसच.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे जरा सोपं होतं असं माझं मत आहे. भारतातली पहिली लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, १९९० मध्ये जे.जे.त डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. तेव्हापासून पित्ताशयाचं ऑपरेशन सगळ्यांना पडद्यावर दिसतं, आणि डावा हात कोणाचा हे लपत नाही. हार्टमन्स पाउच, म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा, धरून इकडेतिकडे फिरवणारा हात माझा असेल तर केस माझी, उजव्या हातातला हुक कोणाच्याही हातात असो. शिवाय इथे एक पक्की थांबायची जागा आहे. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला ‘क्रिटिकल व्ह्यू’: पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोण साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसताहेत, तिसरी नाही. मगच क्लिप. मी बघतो ते इतकंच, की क्लिप मागण्याआधी रेसिडेंट आपण होऊन थांबला, पाउच उलटवून मागची बाजू दाखवली, की मला ‘थांब’ म्हणावं लागलं. पहिल्या दिवसापासून सफाईनं हुक चालवणारे आणि इथे कधीच न थांबणारे रेसिडेंट असतात. त्यांची मला जास्त भीती वाटते.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे स्वातंत्र्य मिळतं ते घड्याळाप्रमाणे. सकाळी अकराचा हर्निया मी जेआर-२ला पूर्ण सोडत नाही, कारण मी हजर आहे, यादी लांब आहे आणि भूलवाल्या मॅडम घड्याळाकडे बघताहेत. आणि रात्री दोनचं परफोरेशन, म्हणजे आतडं किंवा जठर फुटलेला पेशंट, तोच जेआर-२ एसआरबरोबर उघडतो. एसआर दुसऱ्या टेबलावर अडकला असेल तर एकटा. म्हणजे सोपं ऑपरेशन माझ्यासमोर दुसऱ्या पायरीवर आणि अवघड ऑपरेशन माझ्या माघारी, चौथ्या पायरीच्याही पलीकडे. त्याला रात्रीचं मोकळं सोडायचं असं कोणी ठरवलेलं नसतं, तिथे कोणी नसतं एवढंच. आणि आपण बाहेर छाती काढून सांगतो, सरकारीत हँड्स-ऑन भरपूर.

इतर कॉलेजांतले, डीएनबीवाले (एमएसला समांतर पदवी करणारे), परदेशातले कोणी असतील तर लिहा. तुमच्याकडे पायरी कोण ठरवतं?

ओहायोकर | मंगळवार, पहाटे ४:१५

एमबीबीएस तिकडचं, रेसिडेन्सी आणि नोकरी इकडची. टाकेवाला सर, आमचं दुखणं तुमच्या बरोबर उलटं आहे. इथे मेडिकेअर या सरकारी विम्याचं बिल लावायचं तर ऑपरेशनच्या कळीच्या भागाला अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ सर्जन, हजर असावा लागतो. त्यामुळे वरिष्ठ कायम उभा. आणि वरिष्ठ उभा असला की त्याचे हात शिवशिवतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

२०१७ मध्ये ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त एक मोठा अभ्यास आला. १४ प्रोग्रॅम, १०,१३० ऑपरेशनं, प्रत्येकाला झ्विश पायरी दिलेली. त्यांतले शेवटच्या सहा महिन्यांतले, म्हणजे पाच वर्षं संपत आलेले रेसिडेंट घ्या. पित्ताशय, जांघेतला हर्निया, अपेंडिक्स, पोटाचा हर्निया, मोठ्या आतड्याचा भाग काढणं, ही नेहमीची पाच ऑपरेशनं. त्यांतही ‘सुपरव्हिजन ओन्ली’ फक्त ३३.३ टक्के वेळा. जुलैत हेच लोक सर्जन म्हणून कामाला लागणार. अर्थात बहुतेक जण आधी फेलोशिप करतात, त्यामागे हेही एक कारण आहेच.

मोजणी फोनवर होते. सिंपल नावाचं अॅप आहे. केस झाल्यावर ७२ तासांच्या आत तीन प्रश्न: पायरी कुठली, कामगिरी कशी, पेशंट सोपा की अवघड. शिकणारा आणि शिकवणारा दोघंही वेगवेगळं भरतात. मिनिटभराचं काम. गंमत अशी की दोघांची उत्तरं बरेचदा जुळत नाहीत. अटेंडिंगला वाटतं मी खूप मोकळं सोडलं, रेसिडेंटला वाटतं यांनी कुठे सोडलं! तुमच्या हर्नियात मात्र जेआर-२ला वाटलं आपण केला. हा फरक मला फार बोलका वाटला.

रात्रीबद्दल लिहिलंत म्हणून आठवलं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल केल्यावर काही तासांत गेली. रात्री तिला बघणारे रेसिडेंट थकलेले होते आणि वरिष्ठ फोनवर. त्यावरून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम आले आणि २००३ पासून देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा. सगळे ८० तास लक्षात ठेवतात. पण त्या प्रकरणात तासांइतकाच ‘तिथे वरिष्ठ कोण होतं’ हाही प्रश्न होता.

जुना_सिव्हिल | मंगळवार, सकाळी ७:०५

वाचून करमणूक झाली. आम्ही हाउसमन असताना सर म्हणायचे, ‘जा, उघड, अडलास तर बोलव.’ त्यातूनच सर्जन झालो. पुढे जन्मभर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आणि ग्रामीण रुग्णालयांत सीझरपासून परफोरेशनपर्यंत सगळं केलं, एकट्यानं. पायऱ्या कसल्या मोजता? पोहायला शिकणाऱ्याला विहिरीत ढकलावंच लागतं.

भूलवाली | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, ढकलून वर आलेलेच पुढे गोष्टी सांगतात :)

मी भूलतज्ज्ञ. टेबलाच्या डोक्याकडे उभं राहून किती सर्जन घडताना पाहिले त्याचा हिशेब नाही. टाकेवाला म्हणतात तशी मी घड्याळाकडे बघते हे खरं आहे, पण त्याहून जास्त आवाजाकडे लक्ष देते. ज्याला येतंय तो बोलत असतो. सिस्टरकडे पुढचं हत्यार आधीच मागतो, असिस्टंटला ‘अजून थोडं वर’ म्हणतो. अडलेला रेसिडेंट गप्प होतो. सक्शन उगाच दोनदा मागतो. त्याच त्याच जागी फोर्सेप्स लावतो, काढतो, पुन्हा लावतो. मग मी पडद्यावरून डोकावून विचारते, ‘सरांना फोन लावू का?’ यावर दोन प्रकारची उत्तरं येतात. ‘हो मॅडम, लावा’ म्हणणाऱ्याच्या हाती मी माझा पेशंट निवांत सोपवीन. ‘नको नको, होतंय’ म्हणणाऱ्याच्या वेळी मी न विचारता फोन लावते.

माझा प्रश्न असा: तुमच्या पट्टीवर फोन करणाऱ्याची पायरी खाली जाते का? जात असेल तर पट्टी चुकीची आहे. पोरं मग फोन करणारच नाहीत.

मृण्मयी_जेआर३ | मंगळवार, दुपारी ३:५०

पोस्ट-ड्यूटी आहे, जांभया देत लिहितेय. चूकभूल माफ.

पायरी कोण ठरवतं असं सरांनी विचारलंय. खालून दिसतं ते सांगते. कटिंग, म्हणजे स्वतः ऑपरेशन करायला मिळणं, हे आमच्याकडे बक्षीस असतं. ज्यानं सकाळी सगळी सॅम्पलं पोचवली, डिस्चार्ज कार्डं लिहिली, सीटीची तारीख मिळवून आणली, त्याला सर म्हणतात, ‘चल, आज तू कर.’ ज्याचा थीसिसचा सिनॉप्सिस लांबला त्याच्या केसेस बंद. यात ऑपरेशन किती येतं याचा संबंधच नाही. माझ्या बॅचमधला सगळ्यात चांगला हात ज्याचा, तो वॉर्डच्या कामात ढिला आहे, म्हणून जेआर-३ झाला तरी रिट्रॅक्टर धरून उभा असतो.

दुसरं. लॉगबुक परीक्षेआधीच्या महिन्यात भरलं जातं. ओटी रजिस्टर समोर घेऊन रात्रभर बसायचं आणि ‘पीआय किती पाहिजेत?’ असं सीनियरला विचारून आकडे जुळवायचे. ही काही गुपित गोष्ट नाही, सगळ्यांना माहीत असते.

तिसरं लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. आमच्या युनिटात मुलगा अडला तर सर म्हणतात, ‘घाई करू नकोस, नीट बघ.’ मुलगी अडली तर हत्यार हातातून घेतात. रागानं नाही, अगदी प्रेमानं, ‘दे बाळा, मी करतो.’ त्या प्रेमात माझे कितीतरी हर्निया गेले.

ओहायोकर | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मृण्मयी, तुमचा तिसरा मुद्दा इकडेही मोजला गेला आहे. २०१७ मध्येच, छातीच्या सर्जरीच्या रेसिडेंट्सवर, याच झ्विश पट्टीनं. स्त्रियांना कमी मोकळीक मिळत होती. नुसतं ‘केस केली’ अशी नोंद असती तर हे उघडकीला आलं नसतं, कारण केसेस त्यांच्याही नावावर होत्याच.

भूलवाली मॅडम, पायरी ही त्या दिवशीच्या केसची असते, माणसाची नाही. फोन केला, सर आले, त्यांनी मदत केली, म्हणजे आजची केस दुसऱ्या पायरीवर. इथवर ठीक. पण तुमची शंका रास्त आहे, कारण झ्विश मागे बघतं. पुढे बघणारा प्रश्न वेगळा: ‘अशीच पुढची केस याच्यावर सोपवीन का?’ उट्रेख्टच्या ओले टेन केट यांनी २००५ मध्ये ही सोपवण्याची कल्पना मांडली, तिला ईपीए (एन्ट्रस्टेबल प्रोफेशनल अॅक्टिव्हिटी, म्हणजे विश्वासानं सोपवण्याजोगं काम) म्हणतात. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीनं जुलै २०२३ पासून जनरल सर्जरीत अशा १८ गोष्टी ठरवून दिल्या. त्यात विश्वास ठेवण्याजोगं वागणं धरलं जातं, आणि वेळेवर हाक मारणं त्यात सगळ्यात वर येतं. फोन करणारी मुलगी आज दुसऱ्या पायरीवर असेल, तरी पुढची केस मी तिलाच देईन.

अॅपची तक्रारही सांगून टाकतो. दमलेला अटेंडिंग पार्किंगमध्ये उभा राहून सगळ्यांना तिसरी पायरी देऊन मोकळा होतो. उपयोग होतो तो शेवटी बोलून ठेवलेल्या दोन वाक्यांचा. ‘डावा हात झोपलेला होता’ असं एक वाक्य आकड्यापेक्षा पुष्कळ काम करतं.

कोडगा_कोडर | मंगळवार, रात्री ९:१०

मी आयटीवाला, ऑपरेशन फक्त दातांचं झालंय. असं अॅप वीकेंडला बनवून देतो. मराठीत. फुकट. सर्व्हर कोणाचा ते सांगा.

पेशंटचा_मुलगा | मंगळवार, रात्री ११:०२

सगळं वाचलं. तुम्ही सगळे शिकणाऱ्याबद्दल बोलताय. टेबलावर माझे वडील असतात. त्यांना कोणी सांगतं का, की आज चाकू कोणाच्या हातात आहे? जनरल वॉर्डातल्यांवर शिकायचं आणि स्पेशल रूमवाल्यांवर सरांनी करायचं, असंच असतं ना?

रागानं विचारत नाहीये. खरंच जाणून घ्यायचंय.

टाकेवाला | बुधवार, रात्री १०:१५

एकेकाला उत्तर देतो. उशीर झाला, इमर्जन्सी होती.

पेशंटचा मुलगा: प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या संमतीपत्रावर ऑपरेशन कोणतं, धोके कोणते हे असतं. कोण करणार याच्यापुढे युनिटचं नाव असतं. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, पण त्यातला झगडा न विचारता गर्भाशय काढल्याचा होता, शिकाऊ हातांचा नव्हता. मी काय करतो ते सांगतो. आदल्या संध्याकाळच्या राउंडला रेसिडेंटला पेशंटच्या खाटेपाशी उभा करतो आणि म्हणतो, ‘उद्या हे डॉक्टर ऑपरेशन करतील, मी त्यांच्या समोर उभा असेन.’ बहुतेक लोक विचारतात, ‘तुम्ही असणार ना?’ हो म्हटलं की मान हलवतात. आजवर कोणी नाही म्हटलं तर ती केस मी केली आहे. जनरल वॉर्ड आणि स्पेशल रूमबद्दल तुम्ही लिहिलंत ते खासगी कॉलेजांत ठळक दिसतं. आमच्याकडे स्पेशल रूमच नाही, पण कोणाच्या ओळखीचा पेशंट आला की जेआर-२चा जेआर-१ होतो. तेवढं खरं.

जुना सिव्हिल: काका, तुमच्या काळाबद्दल आदर आहे. पण तुम्ही ज्यावर शिकलात ती ऑपरेशनंच आता राहिली नाहीत. अल्सरसाठी व्हेगॉटॉमी आणि गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी ही तुमची रोजची भाकरी. सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध आलं, मग अल्सरचा जंतू हेलिकोबॅक्टर सापडला, मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, आणि ती नियोजित ऑपरेशनं यादीवरून जवळजवळ गेली. तेव्हा एकच ऑपरेशन इतक्यांदा व्हायचं की न मोजताही माणूस शिकायचा. आता जेआर-३च्या वाट्याला तेवढी पुनरावृत्ती येत नाही. थोड्या केसेसमध्ये शिकवायचं तर प्रत्येक केसचा हिशेब ठेवावाच लागतो. आणखी एक विचारतो, राग मानू नका. ‘अडलास तर बोलव’ म्हणणारे सर बोलावल्यावर यायचे ना?

मृण्मयी: कटिंग बक्षीस असतं हे तू लिहिलंस ते मी युनिटच्या ग्रुपवर टाकलं, नाव न सांगता. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

जुना_सिव्हिल | गुरुवार, सकाळी ६:५०

यायचे. रात्री अडीचला स्कूटरवर, पायजम्यावर कोट चढवून. हे लिहायचं राहिलं होतं. आणि आल्यावर हात धुवायचे नाहीत, भिंतीला टेकून उभे राहायचे. ‘आता दिसतंय का काही?’ एवढंच विचारायचे. दिसायला लागायचं.

भूलवाली | गुरुवार, सकाळी ८:१५

काका, म्हणजे तुमच्या सरांनी चौथी पायरी पायजम्यात केली. नावं द्यायला अमेरिकेला वेळ लागला!

ऑटव्याची_बाय | गुरुवार, सकाळी ११:४०

कॅनडातून. मी सर्जन नाही, इथल्या हॉस्पिटलात रेसिडेंट्सचे फॉर्म सांभाळण्याचं काम करते. आमच्याकडची पट्टी तुम्हाला कदाचित जास्त आवडेल. ओ-स्कोर म्हणतात, २०१२ पासूनची, ऑटव्यातच तयार झालेली. तिच्या पाचही पायऱ्या वरिष्ठाच्या तोंडची वाक्यं आहेत. साधारण अशी: मलाच करावं लागलं. बोलून बोलून करवून घ्यावं लागलं. अधूनमधून सुचवावं लागलं. लागलो तर म्हणून खोलीत थांबावं लागलं. मी नसतो तरी चाललं असतं.

आकडा द्यायचा म्हटलं की डॉक्टर लोक उदार होतात. ‘मला काय करावं लागलं’ असं विचारलं की खरं बोलतात. फॉर्म वाचून माझं हे मत झालंय.

सांगलीचा_शेंगदाणा | गुरुवार, दुपारी १:०५

अवांतर: सासऱ्यांना उजव्या बाजूला हर्निया आहे, खोकला आला की फुगतो, आडवं झालं की जातो. जाळी टाकावी की पट्ट्यावर भागेल?

टाकेवाला | गुरुवार, दुपारी २:३०

शेंगदाणा: धाग्यावर नको, जवळच्या सर्जनच्या ओपीडीत दाखवा. अचानक आत जायचा थांबला, दुखायला लागला किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

ऑटव्याची बाय, तुमची वाक्यं उचलतोय. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून एक अर्धा कागद आहे, झ्विशच्या चार पायऱ्यांचा, ओटीतल्या टेबलावर. निम्मे कागद कोरे राहतात, कारण ‘पॅसिव्ह हेल्प’ म्हणजे काय यावर प्रत्येक वेळी चर्चा. ‘अधूनमधून सुचवावं लागलं’ यावर चर्चा होणार नाही. नवा कागद असा करतोय: ऑपरेशन आणि त्यातला कळीचा भाग कोणता (हे रेसिडेंटनं केसच्या आधी लिहायचं, तेवढ्यानं निम्मं शिकणं होतं). मग पाच वाक्यांपैकी एकावर खूण. पेशंट सोपा, मध्यम की अवघड. मग ओहायोकरांचा प्रश्न: मी हॉस्पिटलात नसताना अशीच केस याला किंवा हिला देईन का? हो किंवा नाही, आणि का ते एका वाक्यात. भूलवाली मॅडमसाठी एक चौकट: मदत मागितली का, वेळेवर मागितली का. ही चौकट भूलतज्ज्ञांनी भरायची.

कागद रेसिडेंटकडे राहणार. इंटर्नल मार्कांशी संबंध नाही. एकदा मार्कांना जोडला की मृण्मयीनं सांगितलेली लॉगबुकाची रात्र याच्याही नशिबी येणार. कोडर, अॅपचं नंतर बघू. आमच्या ओटीत रेंज नाही.

रात्रीच्या केसेसना यानं काय होणार, असं कोणी विचारील. माझा हिशेब असा: दिवसा ज्या ऑपरेशनसाठी ‘हो’ आलं असेल तेच रात्री एकट्यानं करायचं. बाकीच्यांना एसआर किंवा वरचं कोणीतरी प्रत्यक्ष हजर. याचा अर्थ दिवसाच्या हर्नियात मला हात मागे घ्यावे लागणार, नाहीतर रात्री मलाच यावं लागणार. जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांच्या डीआरपीला (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) रेसिडेंट जातात, तिकडे पाठवतानाही हे कागद बरोबर द्यायचा विचार आहे. तिथल्या सर्जनला बिचाऱ्याला समोरचं पोर काय करू शकतं ते कळायला काहीच मार्ग नसतो.

मृण्मयी_जेआर३ | गुरुवार, संध्याकाळी ५:४५

सर, कागद आवडला. एक चौकट अजून घाला. ‘वरिष्ठ ओटीत किती वाजता आले, किती वाजता गेले.’ सगळा कागद आमच्याबद्दल आहे, आणि रात्रीच्या केसला खूण करायला तिथे असणार कोण?

भूलवाली | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

+१. ती वेळ मी लिहीन. माझ्या चार्टवर दर पाच मिनिटांची नोंद असतेच, त्यात दार उघडल्याचंही कळतं.

टाकेवाला | गुरुवार, रात्री ११:२०

घातली. सोमवारच्या यादीपासून नवा कागद लागेल. युनिट हेडना ही चौकट मी सांगतो, तुम्ही कोणी आधी बोलू नका.